ओळखीच्या माणसाचे पैसे

पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडवाडीत पाय ठेवायला जागा नसते. कुणी मळवलीला लोकलमधून उतरून भाजे गावावरून चढत आलेले असतात, कुणी गाडीने गायमुख खिंडीपर्यंत. गडावर जाण्याआधी चहा आणि उतरल्यावर गरम कांदाभजी, ही बहुतेकांची मागणी. टपऱ्या शेजारीशेजारी आणि माल जवळपास तोच: चहा, भजी, भाजलेले कणीस, लिंबूसरबत. घरांतून पिठलं-भाकरी. जुलै 2025 मध्ये ‘युनेस्को’ने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात लोहगडही आहे. गडाचा मान मोठा झाला, पण धंद्याचे गणित बदलत नाही. वर्षाची कमाई मुख्यतः पावसाळ्याच्या चार महिन्यांतली, आणि त्यातलीही शनिवार-रविवारची.

अशा ठिकाणी शेजारचा टपरीवाला कोण? बाजाराच्या भाषेत प्रतिस्पर्धी. पण भर गर्दीत गॅसची टाकी संपली तर खाली लोणावळ्याला जाऊन दुसरी आणेपर्यंत दिवस मावळेल. तेव्हा हात पुढे करायचा तो याच प्रतिस्पर्ध्यापुढे. मोठ्या कंपनीत एक माणूस आजारी पडला तर दुसरा त्याच्या खुर्चीत बसतो. छोट्या धंद्यात मालकाला ताप आला की धंद्यालाच ताप येतो. बँकेची पत बेताची, बदली माणूस नाही, भांडवल हातावरचे. अशा माणसाची खरी ठेव म्हणजे त्याचे संबंध: दूधवाला, भाजीवाला, पीठ दळून देणारा, शेजारी, हाताखालचा पोरगा.

आता प्रश्न असा, की ही ठेव आपण वाढवतो की खर्च करतो?

आपल्याकडे ‘ओळख’ म्हटले की पहिल्यांदा सवलत आठवते आणि मग उधारी. ‘घरचाच माणूस आहे, थांबेल’ असे म्हणून आपण ज्याचे पैसे सर्वांत शेवटी देतो, तो बहुधा आपल्या सर्वांत जवळचा असतो. विजेचे बिल वेळेवर भरतो, कारण कंपनी वीज तोडते. बँकेचा हप्ता चुकवत नाही, कारण नोटीस येते. भाकऱ्या थापून देणाऱ्या शेजारणीचे पैसे मात्र महिनाभर राहतात, कारण ती काही बोलत नाही. म्हणजे जो आपल्याला धमकावू शकतो त्याच्याशी आपण प्रामाणिक, आणि जो आपल्यावर विश्वास ठेवतो त्याच्याशी ढिले. मग त्या विश्वासाला अर्थ काय उरला?

हे दुखणे इतके जुने आणि सार्वत्रिक आहे, की त्यासाठी कायदा करावा लागला. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा 2006 चा कायदा सांगतो, की लहान पुरवठादाराशी लेखी करार असला तरी त्याचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करायचे. उशीर झाला तर व्याज, तेही बँक दराच्या तिप्पट आणि चक्रवाढीने. कायदा चांगला आहे. पण टपरीला पाव पुरवणारा बेकरीवाला असा दावा लावायला जाईल का? गेला तर पैसे मिळतील, गिऱ्हाईक जाईल. म्हणून तो गप्प बसतो. कायद्याची हद्द जिथे संपते तिथे नीती सुरू होते, आणि आपली परीक्षाही तिथेच असते.

या परीक्षेत उतरलेली माणसे याच मातीतली आहेत. मुंबईच्या डबेवाल्यांची मुळे मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव, अकोले या पट्ट्यात आहेत. महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये हा धंदा सुरू केला, असे मानतात. त्यांच्या डबे ओळखण्याच्या खुणांचे कौतुक जगभर झाले. त्यांच्या हिशेबाकडे मात्र कमी लोकांनी पाहिले. डबेवाला हा पगारी नोकर नसतो. तो आपल्या गटाचा हिस्सेदार असतो, गटावर मुकादम असतो आणि गटाची कमाई सभासदांत वाटली जाते. प्रत्येक गटाचा धंदा स्वतंत्र, गिऱ्हाईक मिळवण्यात चढाओढही असते. पण स्टेशनवर डबे वेगळे करताना हा गट आणि तो गट राहत नाही. सकाळी घरून उचललेला डबा वाटेत अनेक हात बदलतो. उचलणारा तो स्वतः पोचवू शकत नाही, आणि पोचवणाऱ्याने बहुधा ते घर पाहिलेलेही नसते. इथे आपुलकी आहेच, पण तिला वेळेची आणि वाटणीची शिस्त आहे. नियम मोडला तर दंडही आहे. भाऊबंदकीच्या मुलखातून आलेल्या या माणसांनी एक गोष्ट नीट ओळखली: हिशेब चोख असेल तरच भाऊपण टिकते.

पैशाइतकाच महत्त्वाचा दुसरा हिस्सा श्रेयाचा. लोहगडापासून जवळच, इंद्रायणीच्या पलीकडच्या डोंगरात कार्ल्याचे लेणे आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या चैत्यगृहाच्या शिलालेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, तसे धेनुकाकट इथल्या सिंहदत्त नावाच्या अत्तराच्या व्यापाऱ्याचेही. आणि त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने दार घडवले, हेही तिथे कोरलेले आहे. पैसे देणाऱ्यांच्या पंगतीत काम करणाऱ्याचे नाव आले. आपण मात्र शेजारणीची भाकरी ‘आमच्या घरची’ म्हणून वाढतो. ‘भाकरी त्या समोरच्या ताईंची आहे’ असे पाहुण्याला सांगितले तर आपले काय कमी होते? फार तर पुढच्या वेळी तो थेट तिच्याकडे जेवायला जाईल. जाऊ दे. ज्या संबंधाला एवढेही सोसत नाही, तो संबंध नव्हे, ती वापरून घेण्याची सोय.

याची दुसरी बाजूही पाहायला हवी. एकमेकांना सांभाळणे म्हणजे एकमेकांना सामील होणे नव्हे. सगळ्यांनी मिळून पाण्याची बाटली छापील किमतीहून जास्त दराने विकायची, गावात नवी टपरी टाकणाऱ्या तरुणाला जागाच मिळू द्यायची नाही, शेजाऱ्याचे तेल काळे झालेले दिसत असताना गप्प राहायचे, ही एकी नव्हे, ही टोळी. खरा सोबती तेलाबद्दल बोलतो, आणि चारचौघांत नव्हे, बाजूला घेऊन. ‘या महिन्यात मला उधार देता येणार नाही’ असे स्पष्ट सांगणाराही सोबतीच. भिडेपोटी दिलेला होकार आणि मनात ठेवलेला राग यांनी जितके धंदे बुडाले, तितके स्पर्धेने बुडाले नसतील.

लोणावळ्याच्या परिसरात उगम पावलेली ही इंद्रायणी पुढे देहूला जाते. तुकोबांच्या घरात सावकारी आणि वाण्याचा धंदा होता. परंपरा सांगते, की दुष्काळाचे चटके सोसल्यावर त्यांनी कर्जदारांची खते इंद्रायणीत बुडवली. ही कथा आपण वैराग्याची म्हणून ऐकतो. तिच्यातला एक तपशील व्यवहाराचा आहे: धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची खते त्यांनी आधी वेगळी काढून त्याच्या हाती दिली. बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची. उदार व्हायचे तर स्वतःच्या हिश्शातून; दुसऱ्याच्या हिश्शाला त्याला न विचारता हात लावायचा नाही. धंद्यातल्या नात्यांसाठी याहून नेमकी कसोटी सापडणे कठीण. आपण मात्र उलटे करतो. आपला हिस्सा घट्ट धरतो आणि समोरच्याला कळवतो, की थोडे सांभाळून घ्या.

तेव्हा या आठवड्यात एवढे करावे. वही उघडावी आणि ज्याने अजून मागितलेले नाहीत, अशा ओळखीच्या माणसाचे सर्वांत जुने देणे शोधावे. ते त्याच्याकडे जाऊन, त्याने मागण्याआधी द्यावे. सगळे एकदम जमत नसेल तर किती आणि कधी देणार, हे त्याला तोंडावर सांगावे. संबंध जोडण्याचे बाकीचे मार्ग त्यानंतर.