सटवाईचा लेख आणि पेशींवरची खूण

जठराच्या कर्करोगात दुर्बिणीतून काढलेला तुकडा तपासणीला जातो, तेव्हा गाठ कर्करोगाची आहे का एवढेच आता पाहिले जात नाही. पेशींवर हर-२ हे प्रथिन वाजवीपेक्षा जास्त आहे का, डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिने शाबूत आहेत का, हेही तपासतात. घरच्यांना मात्र अहवालातून एकच गोष्ट हवी असते: किती दिवस? खानदेशात त्यामागे आणखी एक प्रश्न उभा असतो. जन्मानंतरच्या सहाव्या रात्री सटवाईने कपाळी लिहिले तेच आता काचपट्टीवर वाचले जात आहे का?

प्रश्न जुना आहे आणि गंभीरपणे घेण्यासारखा आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो, आयुष्य ठरलेले असते की नसते? दैव आणि पुरुषकार यांच्या बलाबलावर ते अवलंबून असते, असे उत्तर मिळते. सगळेच ठरलेले असते तर औषध-पथ्याला अर्थ उरला नसता. तिथे गाडीच्या आसाचा दृष्टांत येतो. चांगला आस झिजून आपल्या काळी मोडतो. तोच आस ओझे फार झाले, वाट वाईट लागली, वंगण मिळाले नाही तर अध्येमध्येच मोडतो.

पेशींवरच्या खुणा या उत्तराच्या बाजूने साक्ष देतात. हर-२ असल्याने जठराचा कर्करोग अधिक घातक होतो का, यावर अभ्यासांचे एकमत नाही. पण 2010 साली प्रसिद्ध झालेल्या 594 रुग्णांच्या चाचणीत, ही खूण असलेल्यांना केमोथेरपीसोबत ट्रास्टुझुमॅब हे हर-२ वर नेम धरणारे औषध दिल्यावर मध्यक आयुर्मान 11.1 महिन्यांवरून 13.8 महिन्यांवर गेले. फरक तीन महिन्यांहूनही कमी. तो फुगवून सांगणे रुग्णाशी अप्रामाणिकपणाचे होईल. तरी खूण तीच राहून तिचा अर्थ बदलला, हे खरे. शिवाय मध्यक म्हणजे मुदत नव्हे: निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगतात, आणि समोरचा माणूस कोणत्या निम्म्यात आहे हे ती संख्या सांगत नाही. ती समूहाबद्दल बोलते. सटवाईचा लेख एकाच कपाळाचा असतो.

त्या लेखाच्या सर्वांत जवळ जाते ती सीडीएच-१ या जनुकातली आनुवंशिक खोट. न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या होणाऱ्या जठराच्या कर्करोगाचे मूळ 1998 साली या जनुकात सापडले. ही खोट जन्मतःच असते, सहाव्या रात्रीचीही वाट पाहत नाही. पण ती असलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असे नाही, आणि काही जण तो होण्याआधीच संपूर्ण जठर काढून घेतात. मग थोडे-थोडे, वारंवार खाणे आणि बी-१२ जीवनसत्त्व बाहेरून घेणे जन्मभराचे होते. हे पत्करायचे की नियमित दुर्बीण-तपासणीवर राहायचे, हा निर्णय जनुक घेत नाही. तो त्या माणसालाच घ्यावा लागतो.