उंबराचे झाड हलवू नका



कोलियांच्या कक्करपत्त नगरीत दीघजाणू नावाचा गृहस्थ भगवंतांकडे आला. आम्ही बायकामुलांत राहणारी, सोने-रुपे हाताळणारी प्रापंचिक माणसे. आम्हाला झेपेल असा मार्ग सांगा, अशी त्याची विनंती होती. तथागतांनी त्याला घरदार सोडायला सांगितले नाही. कष्टाने कमवा, कमावलेले राखा, सज्जनांची संगत धरा आणि मिळकत पाहून खर्च करा, या चार गोष्टी सांगितल्या. थोडी मिळकत असून थाटाने राहणाऱ्याला त्यांनी उंबर खाणाऱ्याची उपमा दिली. तो झाड गदागदा हलवतो. खातो चार फळे, मातीत जातो सडा. आणि भरपूर असून पोटाला चिमटा घेणाऱ्या कंजुषालाही त्यांनी चांगले म्हटले नाही.

म्हणून फाटके नेसा असे मी तुम्हाला सांगणार नाही. दारिद्र्याचे गोडवे गाणारा धर्म बाबासाहेबांना मान्य नव्हता. १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यांनी आपल्या आयाबहिणींना नीटनेटके लुगडे नेसायला सांगितले. त्याच वेळी अस्पृश्यतेची खूण सांगणारे गळ्या-हातांतले जड दागिने टाकून द्यायला सांगितले आणि मुलामुलींना शिकवा असेही बजावले. नीट वस्त्र हे स्वाभिमानासाठी; शेजाऱ्याचे डोळे दिपवण्यासाठी नव्हे. हा फरक ज्याला कळला त्याला अर्धा धम्म कळला असे मी समजतो.

मला तो उशिरा कळला. थोरल्या बहिणीचे लग्न ठरले तेव्हा मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होतो. घराण्यातला पहिला पदवीधर होणार म्हणून माझ्या शब्दाला वजन होते. वडील म्हणाले, विहारात साधेपणाने करू. मी म्हणालो, गावात आपलीही वरात निघाली पाहिजे. पिढ्यान् पिढ्या ज्यांना वाजतगाजत जाऊ दिले नाही, त्यांच्या पोराच्या मनात हे येणे स्वाभाविक होते. पण पैसा सावकाराचा होता आणि गहाण पडले ते आमचे एक एकर. मंगल परिणयाचा विधी त्रिसरण-पंचशीलासह अर्ध्या तासात झाला. त्याला लागली फुले, मेणबत्त्या आणि पांढरी वस्त्रे. कर्ज झाले ते मांडवाबाहेर, बँडपायी आणि जेवणावळीपायी. ते फेडायला सहा वर्षे लागली. धाकट्या भावाने बारावी सोडून कारखान्याची वाट धरली. माझी पदवी भिंतीवर आहे. त्याची कुठे आहे, हे मी कोणाला विचारू?

बंधूंनो, तुम्ही नवस सोडले, जत्रेचा बोकड सोडला. फार चांगले केले. पण बोकडाची जागा डीजेने घेतली आणि नवसाची जागा मोबाईलच्या हप्त्याने, तर सुटले काय? तृष्णा तीच राहिली, फक्त तिचे दैवत बदलले. टिम कॅसर आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली अमेरिकेतील तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी पैसा मिळवणे हेच आयुष्याचे मुख्य ध्येय मानले होते, त्यांच्यात समाधान कमी आणि अस्वस्थता जास्त आढळली. श्रीमंत देशाची ही कथा. आपण तर अजून उंबरठ्यावर आहोत.

मग करावे काय? सिगाल नावाच्या तरुणाला सांगितलेला हिशेब घ्या. मिळकतीचे चार भाग करा. एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, एक अडीअडचणीसाठी राखून. रोजंदारीवरच्या घराला हे माप जसेच्या तसे जमणार नाही, हे मी जाणतो. ज्याचा सगळा रोज पोटालाच लागतो त्याने मनाला बोल लावून घेऊ नये. परंतु चार पैसे उरतील तेव्हा ते आधी कुठे जावेत, एवढे तरी हे माप दाखवते. कामधंद्याचा भाग म्हणजे आपल्यासाठी मुलांचे शिक्षण आणि हातातली हत्यारे, असा माझा अर्थ आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा भाग मागितला होता, तेही विसरू नका. घरात एक वही ठेवा. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर ती सर्वांसमोर वाचा. बाईला व मुलांनाही बोलू द्या. प्रत्येक मोठ्या खर्चापुढे एकच प्रश्न विचारा : हे गरजेसाठी की लोकांसाठी?

अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली : धन असण्याचे, ते उपभोगण्याचे, ऋण नसण्याचे आणि निर्दोष आचरणाचे. पहिली तीन सुखे चौथ्याच्या सोळाव्या हिश्शाचीही नाहीत, असेही सांगितले. यातले तिसरे सुख मी डोळ्यांनी पाहिले आहे. जमिनीचा कागद परत आला त्या संध्याकाळी वडिलांनी तो बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे ठेवला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. त्या दिवशी घरात नवी वस्तू एकही आली नव्हती.

तुमच्या घरी असा कागद कधी गहाण पडूच नये, एवढीच मंगल कामना.

भवतु सब्ब मंगलं!