मुदतीचे वचन

महाराष्ट्रातील शहरांत भाड्याच्या घराचा करारनामा बहुधा अकरा महिन्यांचा असतो आणि त्या घरात येणाऱ्या ब्रॉडबँडची सवलतीची योजना पुष्कळदा बारा महिन्यांची असते. अकरा महिन्यांची रूढी जुन्या नोंदणी कायद्यातून पडली, आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने असा करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे केल्यानंतरही ती तशीच चालत आली आहे. परिणाम असा की, ज्या वास्तूत अकरा महिन्यांपलीकडे राहण्याचा हक्क ज्याला नाही, असा मनुष्य त्याच वास्तूत येणाऱ्या तारेशी बारा महिन्यांकरिता वचनबद्ध होतो. आणि मालकाने मुदत वाढवून दिली नाही, बदलीचा हुकूम आला, किंवा आईवडिलांच्या आजारपणामुळे गावी जाऊन राहणे प्राप्त झाले, आणि नव्या जागी त्या कंपनीची तार पोचलेली नसल्यामुळे कनेक्शन शिफ्ट करून घेण्याची तजवीजही होऊ शकली नाही, म्हणजे मुदतीपूर्वी करार मोडण्याचा प्रसंग त्याच्यावर येतो. आगाऊ भरलेले पैसे आणि माफ केलेला जोडणीखर्च यांचा जो हिशेब व्हायचा तो होतोच. पण मला येथे विचार करावयाचा आहे तो निराळ्या गोष्टीचा. वचन मोडून त्याची रक्कम भरून टाकली, तर मनुष्य वचनातून खरोखरी मुक्त होतो काय?

अमेरिकेचे विख्यात न्यायशास्त्रज्ञ ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८९७ साली या प्रश्नाला दिलेले उत्तर अगदी निःसंदिग्ध आहे. कायद्याच्या दृष्टीने करार पाळण्याचे कर्तव्य म्हणजे तो न पाळल्यास नुकसानभरपाई द्यावी लागेल एवढे भाकीत, त्याहून अधिक काही नाही, असे त्यांचे म्हणणे. हे मत व्यापाराला सोयीचे असले, तरी ते आचरणाचा नियम म्हणून स्वीकारले तर ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला सत्य विकत मिळते, आणि ज्याच्यापाशी नाही तेवढाच असत्यवादी ठरतो. कायदा आणि नीती यांची गल्लत होऊ नये म्हणूनच होम्स यांनी हे लिहिले, एवढे त्यांना न्याय देण्यासाठी सांगितले पाहिजे. परंतु घर सोडणारा मनुष्य केवळ कायद्याच्या राज्यात राहत नाही.

आपल्या परंपरेचे मत याच्या अगदी उलट, म्हणजे हरिश्चंद्राप्रमाणे सर्वस्व गेले तरी शब्द जाऊ नये असे, असल्याची सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. महाभारताच्या कर्णपर्वात अर्जुनाची अशी प्रतिज्ञा सांगितली आहे की, गांडीव दुसऱ्याला दे असे जो आपल्याला म्हणेल त्याचा आपण वध करू. आणि कर्णाच्या बाणांनी विद्ध होऊन शिबिरात परतलेला युधिष्ठिर संतापाच्या भरात नेमके तेच बोलून बसतो. प्रतिज्ञेने बांधलेला अर्जुन थोरल्या भावावर तलवार उपसतो. श्रीकृष्ण त्याला आवरतो, आणि जे सांगतो त्याचे तात्पर्य असे की, धर्माची सूक्ष्म गती ज्याला उमगलेली नाही तोच शब्दाच्या अक्षराला चिकटून राहतो. वडीलधाऱ्याला एकेरी संबोधून त्याचा अवमान करणे हाच त्याचा वध होय, तेवढे करून प्रतिज्ञेतून मोकळा हो. अर्जुन तसे करतो, आणि करताच त्याला इतका पश्चात्ताप होतो की तीच तलवार तो स्वतःवर चालविण्यास निघतो. येथे प्रतिज्ञा अक्षरशः पाळली गेली नाही, पण ती फेकूनही दिली गेली नाही. तिच्याऐवजी दुसरे काही द्यावे लागले, आणि दिल्यावरही मनात सल राहिला. त्या सलाला मी फार महत्त्व देतो, कारण होम्स यांच्या हिशेबात त्याला जागाच नाही.

मग ब्रॉडबँडच्या करारात आपण नेमके काय दिलेले असते? कोणा माणसाने खांबावरून काचेची बारीक तार आपल्या दारापर्यंत आणली, तिचे टोक जोडले, भिंतीवर राउटर बसविला. वर्षभर पैसे येतील या भरवशावर कंपनीने तो खर्च प्रथम स्वतः सोसला. हा भरवसा आपल्या सहीने निर्माण झालेला आहे. म्हणून त्या खर्चाचा जो भाग अद्याप फिटलेला नाही तो मागण्यापूर्वी देऊ करावा, घर सोडण्याचे निश्चित होताच कंपनीला कळवावे, आणि राउटर माळ्यावर टाकून न जाता परत करून त्याची पावती घ्यावी. परंतु जी सेवा पुढे कंपनी देणार नाही व आपण घेणार नाही, तिची उरलेल्या सर्व महिन्यांची किंमत मागणे हा घर बदलण्यावर बसविलेला कर आहे, आणि तो देण्याचे धर्मतः बंधन मी मानीत नाही.

खरा दोष शोधावयाचा तर करार मोडण्याच्या दिवसाकडे न पाहता सही करण्याच्या दिवसाकडे पाहिले पाहिजे. चार महिन्यांनी आपण जाणार हे ठाऊक असता केवळ जोडणीखर्च वाचावा म्हणून वर्षाची बोली करणारा मनुष्य, कांटने १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात ज्याचा विचार केला आहे, ते खोटे वचन देत असतो. पुढे त्याने सर्व दंड भरला तरी त्या दिवशीचे असत्य पुसले जात नाही. 'केव्हाही बंद करा, काही लागत नाही' असे तोंडी सांगून छापील कलमात त्याच्या विरुद्ध मजकूर घालणारा विक्रेताही त्याच दोषाचा धनी आहे.

आपला कायदा या बाबतीत होम्स यांच्यापेक्षा श्रीकृष्णाच्या अधिक जवळ आहे असे मी म्हणेन. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे कलम ३७ पक्षांना आपापली वचने पाळण्यास बांधून घेते, आणि कलम ७४, करारात दंडाची रक्कम मुक्रर केलेली असली तरी, वाजवी भरपाईच देववते. मुक्रर रक्कम ही तिची कमाल मर्यादा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने तर नुकसानीच्या मानाने सर्वथा अवाजवी दंड लादणाऱ्या करारास अनुचित करारांत गणले आहे. तेव्हा वाजवी रक्कम घासाघीस न करता भरा, आणि तिच्यावरच्या मागणीस लेखी हरकत घ्या: प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे, मग तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे. करार अनुचित म्हणून रद्द ठरवून घ्यावयाचा असेल, तर मात्र दाद जिल्हा आयोगाकडे न मागता राज्य ग्राहक आयोगाकडे मागावी लागते.