वैमानिकाची रात्र कोणाच्या मालकीची?

डिसेंबर 2025च्या पहिल्या आठवड्यात देशातली विमानसेवा कोलमडली. एकट्या 5 डिसेंबरला इंडिगोची एक हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. पुण्याच्या लोहगावपासून दिल्लीपर्यंत माणसे विमानतळांवर बॅगांना टेकून रात्र काढत होती. लोकांचा संताप रास्त होता, पण त्या संतापाला जे कारण पुरवले गेले ते रास्त नव्हते. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले म्हणून विमाने जमिनीवर राहिली, हे त्या दिवसांत इतक्या वेळा कानावर पडले की ऐकणाऱ्याला वाटावे, वैमानिकांचे लाड पुरवण्यात प्रवाशांचे हाल झाले.

मला याच्या नेमके उलट म्हणायचे आहे. वैमानिकाची विश्रांती ही त्याच्या नोकरीतली सवलत नाही. प्रवाशाने तिकिटाचे पैसे मोजून जी सुरक्षितता घेतली, तिचाच तो भाग आहे. तिच्यावर घासाघीस करण्याचा अधिकार कंपनीला नाही, सरकारला नाही, आणि चार पैसे जास्त घेऊन ती विकून टाकण्याचा अधिकार खुद्द वैमानिकालाही नाही.

आधी त्या नियमांत होते काय ते पाहू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, ते जानेवारी 2024 मध्ये जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली. रात्रीची व्याख्या मध्यरात्र ते पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढवली. रात्रीच्या ड्युटीत सहा लँडिंगपर्यंत मुभा होती, ती दोनवर आणली. कंपन्यांनी कुरकुर केली, अंमलबजावणी लांबली, वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि अखेर 1 जुलै व 1 नोव्हेंबर 2025 असे दोन टप्पे ठरले. जाहीर झाल्यापासून पावणेदोन वर्षे हातात होती. देशांतर्गत बाजाराचा साठ टक्क्यांहून अधिक हिस्सा ज्या इंडिगोकडे आहे तिला एवढ्या काळात माणसे भरता आली असती. तिने हिवाळी वेळापत्रकात उड्डाणे मात्र वाढवली. मग घडी विस्कटली आणि सरकारने काय केले? रात्रीच्या ड्युटीचे नियम त्या कंपनीपुरते 10 फेब्रुवारी 2026पर्यंत शिथिल केले. पुढे चौकशी होऊन 22 कोटी 20 लाखांचा दंडही झाला. पण ज्या क्षणी नियमाची कसोटी होती, त्या क्षणी माघार नियमाने घेतली होती.

हे मी पुणे जिल्ह्यातल्या आळे गावात बसून लिहितो आहे. पुण्याचा नवा विमानतळ खेड-चाकणकडे होणार हे आमच्या भागाने वर्षानुवर्षे ऐकले, आणि 2016 मध्ये तो पुरंदरला गेल्याचेही ऐकले. विमानाशी आमचा संबंध तसा बेताचाच. पण झोप मारून गाडी चालवणे म्हणजे काय, हे आळेफाट्याइतके चांगले फार थोड्या ठिकाणी कळत असेल. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात. रात्री दोनच्या सुमारास फाट्यावर उभे राहावे. टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावहून निघालेला टेम्पो येऊन थांबतो. ओतूर, मढ, मग माळशेजचा घाट, आणि पहाटे वाशीचा बाजार गाठायचा. ड्रायव्हर खाली उतरतो, बाटलीतले पाणी तोंडावर मारतो, अर्धा चहा उभ्यानेच घेतो आणि परत चढताना क्लीनरला सांगतो, ‘बोलत राहा रे.’ दिवसा एक खेप करून आलेल्या माणसाला रात्री घाटात पाठवू नये हे गाडीमालकालाही कळते. पण बाजार कोणासाठी थांबत नाही, म्हणून तो पाठवतो, आणि खेपेवर पैसे मिळतात म्हणून ड्रायव्हर जातो. एसटीत डबल ड्युटी करणाऱ्यांची गत फार वेगळी नाही. दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास, ही मर्यादा मोटार वाहतूक कामगार कायद्याने 1961 सालीच घालून दिली होती. कायदा आहे, आणि डुलकीही आहे.

टेम्पोच्या ड्रायव्हरशेजारी वैमानिकाला उभे केले की लोकांना ते पटत नाही. एकाला पंधरा-वीस हजारांची भ्रांत, दुसऱ्याला महिन्याला काही लाख. या फरकाकडे डोळेझाक करायची नाही. एसटीच्या संपात 2021-22 मध्ये ज्यांची घरे कोलमडली, त्यांच्या दुःखाशी कॅप्टनच्या तक्रारीची बरोबरी होणार नाही. पण पगार मोठा म्हणून मेंदूला झोप कमी लागत नाही. आणि तो पगार कसा बनतो हे पाहिले तर गाठ वेगळीच निघते.

बहुतेक कंपन्यांत पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांना बांधलेला असतो. काही तासांची हमी, त्यापुढे ताशी दर. हे तास विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचे. त्याआधी तासभर हजर राहणे, दोन उड्डाणांमधली धावपळ, विमान उशिरा आले म्हणून ताटकळणे, हे ड्युटीत धरले जाते. उड्डाणाच्या तासांत नाही. अशा रचनेत ‘मी आज थकलो आहे, उडणार नाही’ असे म्हणणाऱ्याच्या खिशाला कात्री लागते. फाट्यावरच्या खेपेचा हिशेब हाच आहे, फक्त रकमा मोठ्या.

त्यातही सगळेच कॅप्टन नसतात. जुन्नर-आंबेगावातल्या एखाद्या बागायतदाराच्या मुलाने वैमानिक व्हायचे ठरवले, तर बारावीनंतर व्यावसायिक परवान्यासाठी 200 तास उड्डाण, मग एका विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग, असा सगळा खर्च साठ-सत्तर लाखांपासून कोटीच्या पुढे जातो. जमीन गहाण पडते. नोकरी लागेपर्यंत व्याज चालू. सहवैमानिक म्हणून लागल्यावर पगार कॅप्टनच्या मानाने खूप कमी, वर कंपनीचा बाँड. अशा मुलाने पहाटे तीनच्या ड्युटीला नाही म्हणावे अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

सोडून जावे म्हटले तर तेही सोपे नाही. 2017 पासून कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. 2023 मध्ये 43 वैमानिक नोटीस न पाळता गेले, तेव्हा अकासा एअर त्यांच्यातल्या काहींविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. कंपनीची बाजूही आहे. अचानक चाळीस-पन्नास जण गेले तर उड्डाणे रद्द होतात. पण कर्मचाऱ्याला वर्षभर बांधून ठेवणाऱ्या या धंद्यात कंपनीने स्वतःला कोणत्या मुदतीने बांधून घेतले आहे? किंगफिशर 2012 मध्ये बंद पडली, जेट 2019 मध्ये, गो फर्स्ट 2023 मध्ये. थकलेले पगार मागत फिरलेल्यांत वैमानिकही होते, आणि त्यांना कोणी वर्षाची नोटीस दिली नव्हती.

स्वस्त तिकिटाची विमानसेवा आपल्याकडे 2003 मध्ये एअर डेक्कनने आणली. तिने सामान्य माणसाला विमानात बसवले, हे मोठे काम होते आणि त्याबद्दल मला आदरच आहे. या धंद्याचे गणित असे की विमान जमिनीवर उभे राहिले की तोटा. एका प्रकारची विमाने, अर्ध्या तासात परतीचे उड्डाण, पहाटे पहिले आणि मध्यरात्री शेवटचे. इंधनाचा भाव कंपनीच्या हातात नाही, विमानांचे भाडे डॉलरमध्ये ठरलेले, विमानतळाचे शुल्क दुसराच कोणी ठरवतो. ओढून ताणून बसवता येईल अशी एकच गोष्ट उरते, माणसाचे रोस्टर, म्हणजे ड्युटीचे वेळापत्रक. संगणक ते नियमाच्या शेवटच्या मिनिटापर्यंत बसवून देतो. कायद्याने आखलेली कमाल मर्यादा ही अपवादाची सीमा असायला हवी. तीच रोजचा पाया झाली, की धुके पडले, पाऊस आला, एखादा आजारी पडला, तर हाताशी कोणी नसते. डिसेंबरात जे झाले त्याच्या मुळाशी हेच होते, आणि डीजीसीएच्या चौकशीनेही गरजेपेक्षा जास्त ताणलेल्या नियोजनावरच बोट ठेवले.

याची दुसरी, फार महाग पडलेली बाजू कोझिकोडला दिसली. 7 ऑगस्ट 2020. एअर इंडिया एक्सप्रेस ही एअर इंडियाची स्वस्त भाड्याची कंपनी. करोनाच्या काळात दुबईत अडकलेल्यांना घेऊन तिचे विमान रात्री भर पावसात कोझिकोडच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीकडे आले. आत 190 जण. कॅप्टन होते दीपक वसंत साठे. आईवडील नागपूरला, शिक्षण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, हवाई दलाच्या अकादमीत मानाची तलवार मिळवलेले, पुढे चाचणी वैमानिक. अनुभवाला कुठेच कमी नव्हती. उतरण्याचा पहिला प्रयत्न त्यांनी सोडला. त्यांच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. दुसऱ्या वेळी विरुद्ध टोकाकडून, पाठीवर वारा घेऊन ते उतरले. चाके टेकली तेव्हा जवळजवळ अर्धी धावपट्टी मागे गेली होती. सहवैमानिकाने त्याआधीच गो-अराउंड, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर, असे सांगितले होते, पण उतरणे थांबले नाही. विमान कड्यावरून खाली कोसळून तुटले. दोन्ही वैमानिकांसह 21 जण गेले.

चौकशी अहवालाने वैमानिकाच्या चुका स्पष्ट लिहिल्या आहेत आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. पण त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण साठे यांच्याच नावावर होते. दुसऱ्या विमानतळावर उतरले असते तर ते हुकले असते. आणि त्यांच्या जागी कोण होते? कोझिकोडच्या तळावर 26 सहवैमानिक नेमलेले होते, कॅप्टन एक. कंपनीच्या मनुष्यबळाच्या चुकीच्या धोरणामुळे हे घडले आणि सकाळचे उड्डाण सांभाळण्याच्या ओढीने त्या रात्रीचा निर्णय वाकवला, असे चौकशी मंडळाने म्हटले आहे. मला ही नोंद विसरता येत नाही. एवढ्या तयारीचा माणूस, आणि पावसात, अंधारात, धावपट्टीसमोर त्याच्या डोक्यात उद्याचे रोस्टर.

त्याच कंपनीचे विमान दहा वर्षांपूर्वी, 22 मे 2010 रोजी, मंगळूरला कोसळले होते. 158 मृत्यू. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता; दुबईहून येताना प्रवासाचा मोठा भाग तो झोपेत होता आणि पहाटे उतरताना पुरता जागा झालेला नव्हता. आणि 17 ऑगस्ट 2023ला नागपूर विमानतळावर पुण्याच्या उड्डाणासाठी निघालेला इंडिगोचा कॅप्टन गेटपाशीच कोसळून गेला. त्याला 27 तासांची विश्रांती मिळाली होती असे सांगण्यात आले. आदल्या दिवशी त्याची ड्युटी पहाटे तीन ते सातची होती. रोस्टरमुळे मृत्यू झाला असे कोणी सिद्ध केलेले नाही, मीही म्हणत नाही. मात्र कागद तास मोजतो आणि शरीर रात्री मोजते, हे नियम करणाऱ्यांना उशिरा का होईना कळले, म्हणून तर नव्या नियमांत रात्रीला वेगळे वजन मिळाले.

बाहेरच्या जगालाही हे सुखासुखी कळलेले नाही. अमेरिकेत फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान पडून 50 जण गेले. तिथली सहवैमानिक वर्षाला सोळा हजार डॉलरच्या आसपास पगारावर होती आणि देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. मृतांच्या नातेवाइकांनी तिथल्या संसदेचे उंबरठे झिजवले, तेव्हा विश्रांतीचे नियम बदलले. युरोपात रायनएअरने 2017 मध्ये रजांचे नियोजन चुकवले, लाखो प्रवाशांची उड्डाणे रद्द केली, आणि वर्ष संपता संपता, तोवर कधीही न मानलेल्या वैमानिक संघटनांना मान्यता द्यायची तयारी तिला दाखवावी लागली. तिथे संकटातून संघटना पुढे आली. आपल्याकडे संकटातून नियमाला सूट मिळाली.

तिकिटे महाग होतील, हा आक्षेप खरा आहे, पण केवढी? एका विमानात 180 जण बसतात. जास्तीच्या वैमानिकांचा पगार इतक्या डोक्यांवर वाटला जातो. दिवाळीत पुणे-नागपूरचे भाडे रातोरात दुप्पट-तिप्पट होते तेव्हा आम्ही निमूट देतो; ती वाढ कोणाच्या झोपेसाठी नसते.

नव्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीने वैमानिकांकडून आलेल्या थकव्याच्या तक्रारी आणि त्यांवर काय केले याचा अहवाल दर तिमाहीला डीजीसीएला द्यायचा आहे. हे अहवाल प्रवाशांसमोर यायला हवेत: कोणत्या कंपनीत किती तक्रारी आल्या, किती मान्य झाल्या, आणि तक्रार करणाऱ्याचे त्या दिवसाचे पैसे कापले की नाही. थकल्याचे सांगणाऱ्याला पूर्ण पगार मिळाला पाहिजे, आणि एकदा ठरलेल्या विश्रांतीत कोणत्याही कंपनीला, कोणत्याही हंगामात सूट मिळता कामा नये. आमचा शिरूर मतदारसंघ असो की तुमचा कुठलाही, आपल्या खासदाराला पत्र लिहून हे अहवाल संसदेच्या पटलावर मागायला सांगा.