दगडी कासवाचा उपदेश



श्रींच्या दर्शनास आलेल्या प्रत्येकाची गाभाऱ्यापूर्वी भेट होते ती सभामंडपातील कासवाशी. महाराष्ट्रातील अनेक जुन्या मंदिरांत, विशेषतः शिवमंदिरांत, हे दगडी कासव देवाकडे मुख करून बसलेले असते. आपण त्यास नमस्कार करून पुढे जातो. ते तेथे कशासाठी बसले आहे, याचा विचार मात्र क्वचितच करतो.

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ५८ व्या श्लोकात भगवंतांनी स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना कासवाचाच दृष्टांत दिला आहे. कासव आपले अवयव आत आवरून घेते, त्याप्रमाणे साधकाने विषयांकडे धावणारी इंद्रिये आवरावीत, असा त्याचा भावार्थ. देवासमोर उभे राहण्यापूर्वी मनाची धाव थांबवावी, हेच ते कासव मूकपणे सांगत असते.

आणि विपरीत असे की, आज याच कासवाविषयी आपली इंद्रिये अनावर होतात. बाजारात काचेच्या पेटीत नाण्याहून थोडेसे मोठे, हिरवेगार पिलू पोहताना दिसते. ‘घरात कासव असले की लक्ष्मी स्थिर राहते,’ असे कोणी सांगतो. लेकरू हट्ट धरते. डोळा गेला, त्यामागे मन गेले, मनामागे हात खिशात गेला. घरी काय घेऊन चाललो आहोत, हे विचारण्याचे भानही उरत नाही.

असेच एक गृहस्थ कासव बादलीत घालून मंदिराच्या कुंडापाशी आले. कन्येच्या वाढदिवसाला घेतलेले ते पिलू चार वर्षांत ताटलीएवढे झाले होते. पाण्याला दुर्गंधी येई, कवच मऊ पडले होते आणि कन्येचे मन केव्हाच दुसरीकडे रमले होते. “देवाच्या दारी सोडतो, तेवढेच पुण्य,” असे ते म्हणाले. तेथील वृद्ध पुजाऱ्यांनी हात जोडून एवढेच विचारले, “आपण हे देवाला अर्पण करीत आहात, की देवावर टाकीत आहात?” गृहस्थ काही काळ स्तब्ध राहिले आणि बादली उचलून परत गेले.

दुकानांत मिळणारे हे पिलू बहुधा लाल कानाचे कासव असते. त्याचे मूळ स्थान अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. ते वाढून सुमारे २५ ते ३० सेंटिमीटरचे होते आणि नीट सांभाळल्यास ३० वर्षांहून अधिक जगू शकते. त्यास ऊन लागते, ऊन घेण्यास कोरडी जागा लागते, स्वच्छ व पुरेसे पाणी लागते. उन्हावाचून त्याचे कवच मऊ पडते, आणि ते कवच म्हणजे वरून घातलेला अंगरखा नव्हे. पाठीचा कणा व फासळ्या त्यास जोडलेल्या असतात. अशा कासवांपासून लहान मुलांस साल्मोनेला जंतूंची बाधा होते, म्हणून अमेरिकेत ४ इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ मध्ये बंदी आली. हे परदेशी कासव आपल्या कुंडात वा नदीत सोडल्यास ते तेथील मूळच्या कासवांचे अन्न व जागा बळकावते. आपल्या देशातील कासवे, पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेले कासवही, घरी बाळगणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे.

आपल्या संतांनी भगवंताच्या वात्सल्यास कासवीच्या दृष्टीची उपमा दिली. कासवी पिलांना केवळ दृष्टीने पोसते, ही ती कल्पना. सृष्टीत मात्र समुद्री कासवाची मादी वाळूत अंडी पुरून निघून जाते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून ही घरटी जपली जातात आणि पिले समुद्रात जाऊ दिली जातात. तेथे प्रेम आहे, पण एकही पिलू घरी नेण्याचा मोह नाही. संतांची कासवी खऱ्या अर्थाने तेथे दिसते. ती दृष्टी क्षणाची नव्हे, शेवटपर्यंत न ढळणारी आहे. आपली दृष्टी मात्र आठ दिवसांत थकते.

म्हणून भाविकांस नम्र विनंती की, मोहाने कासव विकत घेऊ नये व मंदिराच्या कुंडात सोडूही नये. ज्यांनी आधीच आणले आहे त्यांनी पशुवैद्यांचा सल्ला घेऊन त्याचे आयुष्यभर पालन करावे, देशी कासव असल्यास वनविभागाच्या स्वाधीन करावे. चुकून घेतलेला भार निष्ठेने वाहणे हेही तपच होय. समुद्रमंथनात मंदार पर्वत पाठीवर घेऊन कूर्मरूपी भगवंत अविचल राहिले, आपल्याला तर एका लहानशा जीवाचाच भार वाहायचा आहे.

आज परतताना त्या दगडी कासवापाशी क्षणभर थांबावे. लक्ष्मी स्थिर होते की नाही हे श्री जाणोत, परंतु मन स्थिर करण्याची बुद्धी श्रींनी आपणा सर्वांस द्यावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥