विस्मरण आणि चार पावले

साकोलीच्या बाजूस तलाव पुष्कळ. स्मृतिभ्रंश जडू लागलेल्या वडीलधाऱ्यांस सकाळी तलावाच्या पाळीवर फिरावयास न्यावे, तर पहिला प्रश्न येतो: याने आठवण परत येईल काय? इंग्लंडात ४९४ रुग्णांवर झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात व्यायाम करणाऱ्यांच्या अंगी ताकद आली. बुद्धीचा ऱ्हास मात्र थांबला नाही. मग हा खटाटोप व्यर्थ म्हणावयाचा काय? आम्हांस तसे वाटत नाही. मन नसता त्यांस ओढून नेऊ नये. मन असता मात्र फळाचा हिशेब करू नये. पाळीवरचा वारा त्या घटकेस त्यांस खराच लाभतो. आठवण राहील या आशेने केलेली सेवा ही देवघेव होय. जो उद्या आपले नावही विसरेल, त्याच्याबरोबर आज चालणे, हीच प्रेमाची कसोटी.