फर्मा कोणाचा?

टेलरच्या दुकानात गिऱ्हाइकाला मशीन दिसते, कात्री दिसते, गळ्यात टेप घातलेला कारागीर दिसतो. मागच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलेले खाकी कागदाचे फर्मे मात्र नजरेत भरत नाहीत. दारव्हा असो, घाटंजी असो की पांढरकवडा, जुन्या कारागिराची खरी कमाई त्या खिळ्यावर टांगलेली असते. मुंडा किती खोल घ्यायचा, खांद्याला किती उतार द्यायचा, पाठीत किती सैल सोडायचे, हे कापड वाया घालवत शिकलेले शहाणपण त्या कागदात असते. मशीन हप्त्याने मिळते. फर्मा कमवावा लागतो, नाहीतर कोणीतरी विश्वासाने हाती द्यावा लागतो.

फर्मा दुसऱ्याच्या हातात गेला की काय होते, ते आपण अलीकडेच पाहिले. 2024-25 या शैक्षणिक वर्षात ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेत कापड आधीच कापून महिला बचत गटांकडे केवळ शिवायला देण्यात आले. मापे चुकल्याच्या आणि गणवेश उशिरा मिळाल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. डिसेंबर 2024 मध्ये शासनाने गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. शिलाई गावात, कटिंग दूर कुठेतरी, अशी ती वाटणी होती. शिवणाऱ्या बाईला समोरचे पोर दिसत होते, पण कापड तिच्याकडे येण्याआधीच कात्री चालून गेली होती.

फर्मा आपल्याच हाती राहावा, म्हणून संगणकावर फर्मे काढण्याचा प्रश्न मला यवतमाळसारख्या जिल्ह्यासाठी महत्त्वाचा वाटतो. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या मुलींचे कुर्ते शिवायचे तर एकच फर्मा सात-आठ मापांत लागतो. हाताने ते दोन दिवसांचे काम. मुक्त स्वरूपात मिळणारे प्रोग्राम ते वेगळ्या पद्धतीने करतात. छाती 36 असेल तर कारागीर चौथा भाग म्हणून 9 इंच धरतो आणि त्यात सैलपणा मिळवतो. प्रोग्रामला 9 हा आकडा द्यायचा नसतो. ‘छाती भागिले 4, अधिक सैलपणा’ हे सूत्र द्यायचे असते. छातीच्या जागी 40 लिहिले की त्या सूत्राला बांधलेल्या सगळ्या रेघा सरकतात. सूत्र कच्चे असेल तर 36 ला नीट बसलेला मुंडा 44 ला काखेत काचतो. तेव्हा जुन्या कारागिराची जागा हा प्रोग्राम घेत नाही. उलट त्याच्या डोक्यातले त्याला स्पष्ट शब्दांत मांडायला लावतो.

असा एक प्रोग्राम 2013 मध्ये सुरू झाला: व्हॅलेंटिना. युक्रेनचे रोमान तेलेझिन्स्की यांनी तो लिहायला घेतला, आणि सुझन स्पेन्सर त्यांच्या सोबत होत्या. 2017 मध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. व्हॅलेंटिना तेलेझिन्स्कींकडे राहिला. स्पेन्सर यांच्या बाजूने त्याच संहितेतून सीमली-टूडी निघाला. आज नव्याने शिकणाऱ्यासमोर एकाच मुळाचे दोन फाटे आहेत, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: यातला खरा कोणता?

प्रश्नच चुकीचा आहे. दोन्ही खरे आहेत, कारण व्हॅलेंटिनाच्या जीपीएल परवान्याने तशी मुभा आधीच दिलेली होती. प्रोग्राम कोणीही वापरावा, आतून तपासावा, बदलावा, वाटावा. बदललेला वाटताना पुढच्यालाही हीच मुभा द्यावी. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. संकरित कपाशीचे बियाणे दर हंगामाला पाकिटातून विकत घ्यावे लागते. घरी राखलेली सरकी पेरली तर तसेच पीक येत नाही. सरळ वाणाचे बी मात्र राखता येते, शेजाऱ्याला पसाभर देता येते. मग दोन शेतांत ते थोडे वेगळेही होत जाते. त्या वेगळेपणाला आपण भाऊबंदकी म्हणत नाही. बी आपल्या हातात असल्याची ती खूण असते. महागड्या बंद प्रोग्रामचा परवाना संपला की आपणच काढलेला फर्मा आपल्याला उघडता येईनासा होऊ शकतो. इथे कर्ते भांडून वेगळे झाले, तरी वापरणाऱ्याच्या हातून काही हिसकावले गेले नाही.

तरीही फाटा फुकट पडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ओपनऑफिसमधून 2010 मध्ये लिब्रेऑफिस निघाले, तेव्हा लोकांची कागदपत्रे दोन्हीकडे उघडत राहिली, कारण फाइलचा नमुना सामायिक आणि खुला होता. फर्म्यांच्या बाबतीत तसे घडले नाही. फाटा फुटण्याआधीची फाइल दोघांनाही ओळखीची; पण पुढे दोघांनी आपापल्या रचना बदलल्या. आज एकात काढलेला फर्मा दुसऱ्यात उघडेलच, असे धरून चालता येत नाही. पुसदच्या गटाने एक निवडला आणि वणीच्या गटाने दुसरा, तर मुक्त साधने वापरूनही त्यांच्यात फर्म्यांची देवाणघेवाण थांबेल. स्वातंत्र्य दोघांकडे असेल, उपयोग कोणालाच होणार नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की ही निवड एकट्याने करायची नाही. कोणात चार सोयी जास्त आहेत, हा निकष दुय्यम. आपल्या तालुक्यात अडल्यावर शेजारी बसून दाखवणारी बाई कोणता वापरते, हा पहिला निकष. आणि एकदा ठरले की सगळ्या गटांनी त्यावरच राहायचे. ऑर्डर हातात असताना नवी आवृत्ती घालायची नाही. जुन्या फाइलची प्रत वेगळी ठेवायची. आणि प्रत्येक फर्म्याची सूत्रे वहीत, मराठीत लिहून काढायची. दोन्ही प्रोग्रामच्या फाइली मुळात साधा मजकूर असतात. नोटपॅडमध्ये उघडल्या तर खुणांच्या गर्दीत आपले ‘भागिले 4’ वाचता येते. उद्या हा फाटा वाळून गेला तरी त्या वहीवरून दुसऱ्यात फर्मा पुन्हा उभा करता येईल. वही नसेल, तर मुक्त प्रोग्रामही आपल्याला परावलंबीच ठेवील.

काहींना वाटेल की इतका खटाटोप कशाला, हाताने काढणारे आहेत की. आहेत, पण त्यांच्यामागून कोण? शिलाईच्या वर्गातून मुली प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतात आणि कापून आलेले तुकडे जोडण्याच्या मजुरीवर येऊन थांबतात. कटिंगचा निर्णय ज्याच्या हाती, दर त्याच्या हाती. कापसाच्या बियाण्याचे जे झाले, तेच शिलाईचे होऊ द्यायचे का, हा मला खरा प्रश्न वाटतो.

शेवटी फर्मा कागदावरच उतरतो. झेरॉक्सच्या दुकानात तो ए-फोरच्या पंधरा-वीस पानांवर छापून घ्यायचा आणि खुणा जुळवून चिकटवायचा. छापताना पानात बसवण्याची खूण चुकून तशीच राहिली, तर अख्खा कुर्ता सगळीकडून थोडा थोडा आखडतो आणि डोळ्यांना कळतही नाही. म्हणून कापडाला कात्री लावण्याआधी एक माहीत असलेली रेघ टेपने मोजायची. 10 इंचांची रेघ 10 इंचच भरली पाहिजे. फाटा कोणताही असो, ती रेघ मोजणारी आणि ‘हा फर्मा चुकला’ म्हणण्याचा अधिकार असलेली बाई गावात असली पाहिजे. निवड कोणत्या बाजूने करायची, ते त्यावरून ठरावे.